झरोक्यातलं पोतं

काकू रोज सकाळी न्हाणीच्या झरोक्यातलं पोतं ओढून काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी मी ते परत कोंबायची. आम्ही दोघी त्यावर फारसं बोललो नाही, तरी हा झगडा दोन हिवाळे चालला.

काकू म्हणजे आमच्या सरांच्या पत्नी. सर लासूर स्टेशनला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि माझी आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. आमच्या वस्तीतल्या बायकांना गावातल्या बऱ्याच घरांत मागच्या ओट्यापर्यंतच जाता यायचं. काकूंनी आईला आधी न्हाणीपर्यंत येऊ दिलं, पुढं स्वयंपाकघरापर्यंत. हे कुणी ठरवून केलं नाही, बंबामुळं झालं. सरांच्या न्हाणीत तांब्याचा मोठा बंब होता. चिंच आणि राख लावून तो घासणं काकूंच्या गुडघ्यांना झेपेना, तेव्हा ते काम आईकडं आलं. बंब घासायचा तर आत यावंच लागतं.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तांब्याचं उंच पिंप, त्याच्या मधोमध उभी नळी. नळीत वरून लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, खालच्या जाळीतून राख पडते. नळीभोवती पाणी असतं, ते तापतं आणि तोटीतून बादलीत घेता येतं. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांधे सुटतात. आमच्या घरी तीन दगडांवर डबा ठेवून पाणी तापायचं, त्यामुळं मला बंब म्हणजे श्रीमंतीच वाटायची.

मी तेव्हा आठवीत होते. घरात एक खोली आणि सहा माणसं. सर आईला म्हणाले, ‘हिला सकाळी सोबत आणत जा, इथं बसून वाचेल.’ मी न्हाणीच्या उंबऱ्याशी पोत्यावर बसून वाचायची, कारण बंबाची ऊब तिथवर यायची. न्हाणीला पत्र्याचं छप्पर होतं आणि भिंतीत माझ्या डोक्याच्या उंचीवर वीतभर झरोका होता. थंडीच्या दिवसांत त्यातून रेल्वे रुळांकडचा वारा सरळ आत यायचा. थोड्या वेळानं सर तिथं उघड्या अंगानं आंघोळीला बसणार, हे मला सहन व्हायचं नाही. त्यांच्यासाठी मला दुसरं काही करता येत नव्हतं. मग मी एक रिकामं पोतं घडी करून झरोक्यात कोंबायची.

काकू यायच्या, ते ओढून बाहेर फेकायच्या. एकदा मी धीर करून म्हटलं, ‘काकू, सरांना गार लागतं.’

‘लागू दे,’ काकू म्हणाल्या. ‘गार लागून मरत नाय माणूस. तू तुझं पुस्तक बघ.’

मला त्या कठोर वाटल्या. इतक्या चांगल्या माणसाला अशी बायको, असं मी आईजवळ बोललेही. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि कारण सांगितलं नाही.

त्याच वर्षी सरांनी आम्हाला ज्वलनाचा धडा शिकवला. मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवून ती कशी विझते ते दाखवलं. हवा पुरेशी नसेल तर ज्वलन अपूर्ण होतं आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. मी तो धडा शब्दन् शब्द पाठ केला होता. घटक चाचणीत मला त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले आणि सरांनी माझी वही वर्गात फिरवली.

पुढचं थोडक्यात सांगते. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं, ते सरांनी थांबू दिलं नाही. शहरातल्या कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, वसतिगृहात सोडायला तेच आले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आज सरकारी कचेरीत लिपिक आहे, औरंगाबादला पडेगावच्या बाजूला आमचं दोन खोल्या खाली, एक वर असं छोटं घर आहे. त्यातली एकेक वीट सरांच्या नावावर सांगता येईल, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायची. आता सांगत नाही.

घराच्या वास्तूला सर आले ते छोट्या टेम्पोतून बंब घेऊन. तोवर काकू वारल्या होत्या. सरांच्या मुलानं लासूरच्या घरावर सोलर बसवलं होतं आणि बंब कांद्याच्या खोलीत पडून होता. सर म्हणाले, ‘याला तुझ्या आईचे हात लागलेत. माझ्या घरात आता याला विचारणारं कुणी नाही.’

आई माझ्याकडंच राहायला आली होती. तिनं बंबाकडं पाहून कपाळावर हात मारला. ‘मला वाटलं सुटले एकदाची या मेल्यातून. हा तर माझ्या मागं औरंगाबादला आला.’ सर खूप हसले. दुसऱ्याच दिवशी आई चिंच भिजवून बंबापाशी बसली होती.

आमच्या मागच्या अंगणात तेव्हा फरशी नव्हती, नुसता चिखल. म्हणून मी बंब मागच्या बाथरूममध्येच बसवायचं ठरवलं. शहागंजातून पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांनी बंब पाहिला, बाथरूम पाहिलं आणि डोकं हलवलं.

‘मॅडम, ये बंब आंगन का जनावर है. घर में कायको बांधते?’

मी म्हटलं, ‘चाचा, जागा नाहीये. काहीतरी करा.’

त्यांनी बंबाच्या नळीवर बसेल अशी पत्र्याची टोपी केली, टोपीतून पाइप काढून तो भिंतीतून बाहेर घेतला आणि छताच्या वर नेला. जाताना वरच्या झरोक्याकडं बोट दाखवलं. त्याला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, उघड-बंद होणाऱ्या.

‘धुआँ जाने का रस्ता मैं बनाया. हवा आने का रस्ता ये है. इसको कब्बी बंद नै करना. और महिने में एक बार पाइप खोल के ठोकना, काजल जमता. गीली लकडी तो बिलकुल नक्को. लिख लेव.’

मी खरंच लिहून घेतलं. शाळेपासूनची सवय, कुणी काही चांगलं सांगितलं की मी वहीत उतरवते. त्या पानावर तारीख घातली, प्रत्येक सूचनेला क्रमांक दिला आणि वही कपाटात ठेवली.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोनदा पाइप उतरवून ठोकला. काळी भुकटी पडली. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा. मग बंब फक्त रविवारी पेटायचा, त्यामुळं एवढी काय काजळी धरणार, असं म्हणून राहून गेलं. लाकडं अंगणात ताडपत्रीखाली असायची. कधी कोरडी असायची, कधी नसायची.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सर आमच्याकडं आले. त्यांना कानाचं मशीन बसवायचं होतं आणि त्यासाठी तीन-चार दिवस शहरात थांबावं लागणार होतं. त्यांचा मुलगा म्हणत होता, गाडीनं रोज नेतो-आणतो. मी हट्ट केला की सर माझ्याकडंच राहतील. आई त्या आठवड्यात लासूरला माझ्या भावाकडं गेली होती. ती घरी असती तर पुढचं घडलं नसतं, हे मला आता माहीत आहे.

मशीन बसलं त्या दिवशी सर लहान मुलासारखे खूश होते. स्वयंपाकघरात फोडणी टाकली तर बाहेरून म्हणाले, ‘मोहरी तडतडली. दहा वर्षांनी ऐकली.’ माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं. मला वाटायचं भारदस्त असेल.’

नवरा म्हणाला, ‘सर, तुमच्यापुढं कुणाचा भारदस्त राहतो.’

त्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला. हवेत बोचरा गारठा आला. सर गीझरच्या पाण्यानं आंघोळ करून काकडत बाहेर यायचे. तिसऱ्या सकाळी त्यांनी चहा पिता पिता विचारलं, ‘तो बंब आहे का गं अजून? की विकलास?’

‘विकीन कशी सर? आज त्यातलंच पाणी देते तुम्हाला.’

इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे. मी अंगणातून बाभळीच्या ढलप्या आणल्या. ताडपत्रीला भोक पडलं होतं, त्या ओलसर होत्या. कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, घालून मी जाळ केला. आधी फार धूर झाला. टोपीच्या कडेनंही धूर येत होता. आतापर्यंत तसा कधी आला नव्हता. ओल्या लाकडाचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दार सताड उघडं ठेवून थांबले. अर्ध्या-पाऊण तासात धूर संपला. नळीत लालभडक निखारे राहिले. आमच्याकडं सगळे असंच करतात. शेगडी असो, घमेलं असो, धूर असेतोवर बाहेर, निखारे झाले की घरात घ्यायचं. धूर गेला म्हणजे जे वाईट होतं ते गेलं, असं आम्ही समजतो.

मग मी बादली ठेवली, बसायला स्टूल ठेवलं. झरोक्यातून गार वारा येत होता. मी काचेच्या पट्ट्या बंद केल्या. एक पट्टी तुटलेली होती, तिथून वारा येतच राहिला, म्हणून स्टुलावर चढून मी जुना टॉवेल तिथं घट्ट बसवला. दाराखालच्या फटीला बाहेरून पायपुसणं लावायचं ठरवलं. हे सगळं करताना मला लासूरची न्हाणी आठवत होती आणि मनात अगदी स्पष्ट विचार आला की आज पोतं काढायला काकू नाहीत.

सरांनी कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं आणि डबी टीपॉयवर ठेवली. आत जाऊन कडी लावली. मी पायपुसणं सरकवलं.

मी थालीपीठं थापायला बसले. आतून तांब्याचा आवाज येत होता. मग थांबला. सर शेकत बसले असतील, असं वाटलं. पंधरा-वीस मिनिटं झाली. दाराशी जाऊन मी हळूच ‘सर’ म्हटलं. उत्तर नाही. मशीन तर टीपॉयवर होतं, त्यांना ऐकू कसं येणार? आंघोळीला बसलेल्या पुरुषाच्या दारावर थाप मारायची, तीही सरांच्या, याची मला लाज वाटली. आत्ता लिहितानाही ती लाज मला जशीच्या तशी आठवते. ती खोटी नव्हती आणि तिनं सरांचा जीव घेतला असता.

नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. म्हणाला, ‘अगं म्हातारी माणसं वेळ लावतात. आमचे बापू तास लावायचे. कुणी हाक मारली तर बाहेर येऊन ओरडायचे, घाई कशाला म्हणून.’

‘एकदा बघा ना पण.’

‘काय बघू? ते काय म्हणतील?’

आणखी पाच मिनिटं गेली. मग पायपुसणं भिजलेलं मला दिसलं. दाराखालून वाफाळतं पाणी बाहेर येत होतं. बादली भरून तोटी तशीच वाहत होती. मी किंचाळले नाही. फक्त म्हटलं, ‘दार तोडा.’

नवऱ्यानं तिसऱ्या धडकेला कडी उचकटली. आत धूर नव्हता. कसलाच वास नव्हता. सर भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर, हातात तांब्या. नवऱ्यानं त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. मी आत गेले. माझं डोकं एकदम जड झालं, कुणीतरी वरून दाबल्यासारखं. मी हात वर करून झरोक्यातल्या टॉवेलचं लोंबतं टोक धरलं आणि तो ओढला. हवा यावी म्हणून ओढला, असं मला म्हणायला आवडेल. पण नंतर मी तो धुण्याच्या बादलीत, कपड्यांखाली दाबून ठेवला. हवा यायला तो लपवायची गरज नव्हती.

सरांचा श्वास चालू होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर बाई होत्या. नवऱ्यानं सांगितलं, ‘बाथरूममध्ये चक्कर आली. वय झालंय, बीपीची गोळी चालू आहे.’ त्यानं मुद्दाम काही लपवलं नव्हतं. त्याला टॉवेल माहीतच नव्हता. डॉक्टर बाईंनी नाडी पाहिली, साखर तपासली, डोक्याच्या फोटोची तयारी करायला सांगितलं.

मी बाजूला उभी होते. माझी सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. मला माहीत होतं. काय झालं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि नावासकट माहीत होतं. आठवीत पाठ केलेलं वाक्य माझ्या डोक्यात आपोआप चालू झालं होतं. तरी मी गप्प राहिले. सरांचा मुलगा येईल, त्याला कळेल. आईला कळेल. कचेरीत कळेल. ज्या मुलीला सरांनी माणसात आणलं तिनं त्यांना बाथरूममध्ये कोंडलं, असं लोक म्हणतील. मी किती वेळ गप्प राहिले ते मला सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील, चार असतील.

डॉक्टर बाईंनी माझ्याकडं पाहिलं. ‘तुम्ही कपाळ का धरलंय? डोकं दुखतंय?’

‘हो.’

‘तुमचं?’ त्यांनी नवऱ्याला विचारलं.

‘थोडं ठणकतंय. धावपळ झाली ना.’

‘दोघांचंही?’ त्या थांबल्या. ‘बाथरूममध्ये काय होतं? गॅस गीझर?’

‘बंब होता,’ मी म्हटलं. ‘निखारे होते. झरोका मी बंद केला होता. टॉवेल कोंबून. दाराखालची फटसुद्धा.’

नवरा माझ्याकडं बघतच राहिला.

‘हे आधी सांगायचं असतं, ताई,’ डॉक्टर बाई एवढंच बोलल्या. तोवर त्यांनी नर्सला हाक मारून सरांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला होता. मग आम्हाला दोघांनाही खुर्चीत बसवून मास्क लावले. त्या मास्कच्या आत मी रडले. बाहेर कुणाला दिसलं नाही.

दुपारपर्यंत सरांनी डोळे उघडले. पहिला शब्द संध्याकाळी बोलले. पाणी मागितलं.

मुलगा लासूरहून आला. मी त्याला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सगळं सांगितलं, टॉवेल कपड्यांखाली लपवला होता इथपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं. माझ्यापेक्षा तो चार वर्षांनी मोठा आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ‘ताई’ म्हणाला.

‘कान नीट करायला पाठवलं होतं अण्णांना तुमच्याकडं. घरी सोलर आहे, चोवीस तास गरम पाणी आहे. पण तुम्हाला उपकार फेडायची घाई, ताई.’

तो खरं बोलत होता.

आई दुसऱ्या दिवशी आली. तिनं सरांना लांबून पाहिलं, नमस्कार केला आणि मला व्हरांड्यात घेऊन गेली. मला वाटलं शिव्या घालेल. ती बाकावर बसली आणि म्हणाली, ‘काकू पोतं का काढायच्या, तुला ठावं नव्हतं व्हय?’

‘नाही. तू कधी सांगितलंस?’

‘तू इचारलं का कधी? तू नुसती त्यान्ला नावं ठिवायची.’

मग तिनं सांगितलं. काकूंच्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. थंडीचे दिवस. बाळंतिणीची खोली रिवाजाप्रमाणं बंद केलेली, खिडकीला गोधडी, दाराला पडदा, बाजेखाली शेकाला निखाऱ्यांचं घमेलं. वारं लागू नये म्हणून. सकाळी दार उघडलं तर बाळंतीण गेलेली आणि लेकरूही. कुणी काही म्हणालं, कुणी काही. बाहेरचं लागलं म्हणाले. काकू तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या, चहाचा कप घेऊन खोलीत पहिल्या त्याच गेल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. पुस्तकातलं त्यांना काही माहीत नव्हतं. पण निखारे असलेली खोली त्यांनी आयुष्यात परत बंद होऊ दिली नाही.

‘मला बंब घासायला लावला, त्या दिवशीच सांगितलं त्यान्नी,’ आई म्हणाली. ‘म्हणल्या, हे ध्यानात ठिव आणि पोरीला सांगू नको, सकाळच्या पारी पोरीबाळीला असलं काय सांगायचं.’

मी झरोक्यात कोंबलेलं पोतं रोज ओढताना काकूंच्या डोळ्यांपुढं काय येत असेल, याचा विचार मी त्यानंतर खूपदा केला आहे.

चौथ्या दिवशी सरांना घरी सोडलं. ते थकलेले होते आणि बोलताना मध्येच थांबायचे, शब्द शोधायचे. मुलगा त्यांना लगेच लासूरला नेणार होता, पण मशीनची शेवटची तपासणी राहिली होती, म्हणून एक रात्र आमच्याकडं राहणं भाग पडलं. मुलगाही थांबला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

त्याच दिवशी मी शहागंजातून मिस्त्रींना बोलावून आणलं होतं. त्यांनी पाइप उतरवला, अंगणात आडवा धरून ठोकला. आधी काही पडलं नाही. मग सळई घालून ढकलल्यावर आतून काळा गोळा बाहेर आला. भुकटी नव्हती, डांबरासारखं चिकट, त्यात पाखरानं आणलेल्या काड्या अडकलेल्या. धूर जायला जेमतेम बोटभर जागा उरली होती. ‘मैं बोला था’ असं ते म्हणतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. त्यांनी हात पुसले, आत खुर्चीत बसलेल्या सरांना सलाम केला आणि बंब उचलून अंगणात ठेवायला नवऱ्याला हाताशी घेतलं.

सरांनी तो गोळा बघायला मागितला. मी कागदावर ठेवून दिला. त्यांनी तो नखानं खरवडला, वास घेतला.

‘आठवीला तुला ज्वलनाचा धडा पाठ होता,’ ते म्हणाले.

‘हो सर.’

‘मी तुझी वही वर्गात फिरवली होती.’

‘हो सर.’

त्यांनी गोळा परत कागदावर ठेवला. ‘मेणबत्ती दाखवली मी तुम्हाला. ग्लास दाखवला. बंब घरात होता, दहा पावलांवर, रोज पेटत होता. त्याच्याजवळ नेऊन नाही दाखवलं कधी.’ मग म्हणाले, ‘ही पोतं काढायची तेव्हा मी तिला वेड्यात काढायचो. म्हणायचो, अडाणी आहेस, ऊब घालवतेस. मी, विज्ञानाचा मास्तर.’

मी म्हटलं, ‘सर, चूक माझी आहे.’

‘तुझी आहेच,’ सर म्हणाले. ‘मी माझी सांगतोय.’

कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेल्या मुलानं मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी गीझरच्या पाण्यानं आंघोळ केली. दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटायचं, असं मी सांगितलं. मशीन कानात नसणार म्हणून ठरवलं की मी दारावर जोरात थाप मारायची, तिचा धक्का आत कळतो, आणि त्यांनी आतून तांब्या बादलीवर वाजवायचा. मी खुर्ची घेऊन दाराशी बसले. मुलानं विचारलं, ‘इथं बसणार तुम्ही?’ मी हो म्हटलं. तोही भिंतीला टेकून उभा राहिला.

मी थाप मारली. आतून टण्ण आवाज आला. परत थाप मारली, परत टण्ण. तिसऱ्या वेळी आवाज आला नाही. मी उठून दार ढकलणार, तेवढ्यात आतून सर ओरडले, ‘अगं डोळ्यांत साबण गेलाय. जरा दम काढ.’ मुलगा एकदम हसला. मग त्यानं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते.

सर लासूरला गेले ते परत आमच्याकडं आले नाहीत. मुलानं येऊ दिलं नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. बंब अंगणात आहे, आता तिथं फरशी केली आहे, वर पत्रा आणि तिन्ही बाजू मोकळ्या. आई रविवारी पेटवते. पाणी बादलीनं आत आणायचं, बंब आत येत नाही. बाथरूमच्या झरोक्याच्या काचा मी काढूनच टाकल्या.

सरांना मी दर रविवारी फोन करते. मुलगा उचलतो, ‘देतो’ म्हणतो आणि देतो. सर आता पुष्कळ विसरतात. डॉक्टर म्हणाले होते, त्या दिवसाचा परिणाम किती आणि वयाचा किती, हे कुणी सांगू शकणार नाही. मीही सांगू शकत नाही, आणि माझ्या मनातून हा प्रश्न जात नाही. माझ्या मुलीचं नाव ते विसरले, मी कोणत्या कचेरीत आहे ते विसरले. एक गोष्ट विसरत नाहीत.

‘बंब बाहेर घेतलास ना?’ ते विचारतात.

‘घेतला सर. अंगणात आहे.’

मग मशीनबद्दल बोलतात, पाऊसपाण्याचं विचारतात, शाळेतल्या कुणाचं काय झालं ते सांगतात. थोड्या वेळानं आवाज काळजीचा होतो.

‘बरं, तो बंब. बाहेर घेतलास ना?’

‘घेतला सर,’ मी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगते. ‘अंगणात आहे.’